पोरीला न कळणारी भाषा

आमच्या घरात दोन भाषा चालतात. मराठी सगळ्यांसाठी, आणि गुजराती पोरीला कळू नये म्हणून.

सासूबाई उंबरगावच्या, शाळा गुजरातीत झालेली. नवरा त्यांच्या तोंडून शिकला. मी डहाणूत जन्मले आणि डहाणूतच वाढले. वाणी गुजराती, शिंपी गुजराती, शेजारच्या काकी गुजराती. मला ती भाषा कुणी शिकवली नाही, आपोआप चिकटली. माझं लग्न ठरत होतं तेव्हा दोन्हीकडच्या बायका मराठीत गोड बोलत होत्या आणि गुजरातीत खरं बोलत होत्या. मी मान खाली घालून दोन्ही ऐकत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

पोर झाल्यापासून आम्हा तिघांना ही आयती सोय झाली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दवाखान्यात ठेवलंय, वाढदिवसाला सायकल आणायची की पुढच्या वर्षी बघायचं, कोण गेलं आणि कसं गेलं, सगळं गुजरातीत. पोर समोर चित्रं रंगवत बसलेली असायची. तिसरीतली, मराठी शाळेत जाणारी. तिला काय कळतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी हायस्कूलात शिकवते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. वर्गात जाताना माझ्या हातात लाकडी फूटपट्टी असते. मारत नाही हं! आजवर एकाही पोराच्या अंगाला ती लागलेली नाही. टेबलावर आपटते. एकदा फाटकन आपटली की नववी ‘ब’चा मासळीबाजार जागच्या जागी गप्प. घरीही ती हाताशी असते. पोरीने अभ्यासात टंगळमंगळ केली की टेबलावर एक ठेवून द्यायची, की लगेच पेन्सिल चालायला लागते.

पोरीला शाळेत न्यायला एका काकांची व्हॅन येते. बालवाडीपासून तेच काका. डहाणूच्या बाहेर एका पाड्यावर बायको आणि लहान मुलाबरोबर राहतात, दाराशी चिकूची दोन झाडं आहेत, आणि हंगामात प्रत्येक पोराच्या हातावर एकेक पिकलेला चिकू ठेवतात, मग गणवेशांचं जे व्हायचं ते होतं. कुणी डबा विसरलं तर गाडी वळवून परत येणारा माणूस. आमच्या पोरीची जागा बरोबर त्यांच्या पाठीमागची. शाळेत पोचेपर्यंत ती त्यांच्या मानेशी तोंड नेऊन बडबडत असायची. त्या सीटखाली त्यांची एक काठी पडलेली असे. वाटेत गुरं आडवी बसली की उतरून हाकलायला.

फेब्रुवारीतला रविवार होता. तलासरीच्या पुढे, अच्छाडच्या अलीकडे, नवऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. नवरा रेल्वेत, त्याची ड्युटी लागलेली. म्हणून मी, सासूबाई आणि पोर अशा तिघी काकांच्या व्हॅनने निघालो. सासूबाई पुढे, आम्ही दोघी मागे. हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात अडकलो. पुढे ट्रकच ट्रक, ऊन डोक्यावर, आणि कुणी जागचं हलेना. एक ट्रक मोटरसायकलला धडकलाय, अशी बातमी मागे मागे येत होती. काका म्हणाले, “ताई, जरा बघून येतो,” आणि उतरले.

थोड्या वेळाने गलका वाढला. काचेतून दिसलं की लोकांनी ट्रकच्या ड्रायव्हरला खाली ओढलाय. त्याचा सदरा फाटला होता. हात वर जात होते आणि खाली येत होते. मी पोरीचं डोकं धरलं, माझ्या मांडीत दाबलं आणि वरून पदर घातला. आवाज ऐकू येतच होता. सासूबाई पुढच्या सीटवर जप करत होत्या. मी पोरीला सांगत राहिले, “काही नाही गं, काही नाही.”

काका परत आले तेव्हा घामाने निथळत होते. “लय मारला लोकांनी बिचाऱ्याला,” एवढं म्हणाले. मागचं दार उघडून वाकले, काहीतरी सरकवलं, आणि पुढे जाऊन बसले. पोलीस आले, रस्ता मोकळा झाला, आम्ही निघालो. पोरीने पाय उचलून सीटवर घेतले आणि पोटाशी धरून बसली. मी म्हटलं, “पाय खाली सोड, नव्या परकराची वाट लागेल.” तिने नाही सोडले. लग्नातही खुर्चीवर तशीच पाय वर घेऊन बसली. जिलेबीला हात लावला नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला. सासूबाईंनी दारातच सगळं सांगितलं, अर्थात गुजरातीत. त्याच्याही कानावर स्टेशनात काहीबाही आलं होतं. मोटरसायकलवाल्या मुलाचा पाय मोडला होता, त्याचं निभावलं होतं. ड्रायव्हरला मात्र वापीला हलवलं होतं. “माथुं फूटी गयुं छे,” तो म्हणाला. डोकं फुटलंय. सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, “बचशे नहीं.” वाचायचा नाही. पोर खाली बसून रंगीत खडू डबीत भरत होती.

मग आम्ही ठरवलं, मराठीत आणि ठामपणे, की पोरीसमोर हा विषय काढायचा नाही. आठवण काढून द्यायची नाही. मुलं विसरतात. कुणीही हेच सांगितलं असतं, आणि ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं.

सोमवारी सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला आणि पोरीच्या पोटात दुखायला लागलं. ओवा दिला. मंगळवारी परत हॉर्न, परत पोट. बेंबीला हिंग लावला. बुधवारी हॉर्न वाजायच्या आधीच बाथरूममध्ये जाऊन तिने कडी लावली. नवऱ्याने स्कूटरवरून शाळेत सोडलं तर गेली मुकाट्याने. मग आम्ही तेच चालू ठेवलं. काका रोज गेटपाशी थांबायचे, वर बघायचे, आणि मी गॅलरीतून हात हलवून “नाही येत” सांगायचे. त्यांचा चेहरा उतरायचा. मला त्यांचीच कीव यायची.

पण पोटदुखी हा नुसता वरवरचा भाग. खरं दुखणं वेगळंच होतं. पोर बोलायची थांबली. अहो, ही पोर झोपेतसुद्धा बोलणारी! आमच्या घरात नवरा म्हणजे मौनी बाबा, सासूबाई त्यांच्या पोथीत. माझ्या तोडीस तोड बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि तेच गप्प झालं. विचारलं तर “हो”, “नाही”, “माहीत नाही”. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. रस्त्यावर कुणी मोठ्याने भांडलं की आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. आपल्या बाहुल्यांची रांग लावायची, एक बाहुली मधोमध आडवी ठेवायची आणि बाकीच्यांची तोंडं भिंतीकडे वळवायची. मी हे दारातून बघायचे आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता मला. मार्कही झकास पडले होते. काय करायचंय त्या मार्कांचं!

त्यातच घरातून वस्तू गायब व्हायला लागल्या. आधी लाटणं गेलं. सासूबाईंचा संशय माझ्यावर, कारण मी वस्तू जागेवर ठेवत नाही अशी त्यांची जुनी तक्रार. माझा संशय नवऱ्यावर. नवरा म्हणाला मांजराने नेलं असेल. लाटणं! मांजराने! मी म्हटलं, “हो, पोळ्या लाटत असेल गच्चीवर.” दोन दिवस सासूबाईंनी स्टीलच्या बाटलीने पोळ्या लाटल्या आणि प्रत्येक पोळीमागे माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. मग वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची काठी गेली. मग नवऱ्याची लांब छत्री. आणि एके दिवशी माझी फूटपट्टी. तेव्हा मात्र मी घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांना विचारलं, पोरीला सोडून. तिला कशाला त्रास द्यायचा, ती आधीच बरी नाही.

सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली. मिरच्या टाकल्या, ठसका लागला सगळ्या मजल्याला. त्यांचं समाधान झालं. पोर तशीच.

शेवटी महिना उलटल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि पोरीला बाहेर आजीजवळ बसवून मला विचारलं, “हिने काही बघितलंय का इतक्यात?”

मी हायवेचं सांगितलं.

“मग तुम्ही त्यावर तिच्याशी काय बोललात?”

“छे हो, एक शब्द काढत नाही तिच्यासमोर.”

“म्हणजे ती एकटीच विचार करत बसली आहे,” बाई म्हणाल्या. औषध दिलं नाही. मुलांशी बोलणाऱ्या एक समुपदेशक आहेत, त्यांचा पत्ता दिला, आणि सांगितलं की तोवर घरात विषय मोकळा करा. काय दिसलं ते तिला सांगू द्या, आणि तुम्हाला जे माहीत आहे ते तिला खरं खरं सांगा.

सांगायला सोपं. मी घरी येऊन तिला जवळ घेतलं आणि विचारलं, “त्या दिवशी तू काय बघितलंस गं?” ती म्हणाली, “काही नाही.” मी म्हटलं, “भीती वाटली का?” ती म्हणाली, “नाही.” मग माझीच बोबडी वळली. मी म्हटलं, “आइस्क्रीम आणू?” तर तिने त्यालाही नाही म्हटलं. समुपदेशक बाईंची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. तोवर दिवस ढकलायचे, असं मी मनाशी धरलं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी आम्ही पोहे खात बसलो होतो. नवऱ्याच्या हाताखालच्या एका माणसाचा भाऊ अच्छाडला ढाबा चालवतो. त्याच्याकडून बातमी आली होती आणि नवऱ्याला ती कधी एकदा सांगतो असं झालं होतं. त्याने पोरीकडे एक नजर टाकली. ती पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत होती. मग त्याने गुजराती काढली. तो ड्रायव्हर आठवतो का? बरा झाला. परत गाडीवर चढला. परवा ढाब्यावर थांबून जेवून गेला. सासूबाई म्हणाल्या, देवाची कृपा. मी म्हटलं, चला, सुटला बिचारा.

आणि टेबलाच्या त्या बाजूने आवाज आला, “ए जीवे छे?”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे. पोर आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिने परत विचारलं, या वेळी मराठीत, “पप्पा, ते जिवंत आहेत?”

“हो,” नवरा म्हणाला. “हो गं राणी. जिवंत आहेत. गाडी चालवतायत.”

ती जी रडायला लागली! तोंडात पोहे, डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, ठसका, सगळं एकदम. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. एवढी मोठी पोर, पाय जमिनीला लागत होते. मीही रडत होते आणि मधेच विचारत होते, “अगं, तुला गुजराती येते?” ती हुंदके देता देता म्हणाली, “पहिल्यापासून येते.”

पहिल्यापासून! आजीच्या मांडीवर वाढलेली, शेजारच्या काकींच्या घरी अर्धा दिवस काढणारी पोर. तिला नाही तर कुणाला येणार? आणि मी स्वतः काय केलं होतं माझ्या लग्नाच्या बैठकीत? आम्ही तिघं शहाणे तिच्या डोक्यावरून गुजराती फेकत बसलो होतो आणि ती एकेक शब्द झेलत होती. माथुं फूटी गयुं छे, ऐकलं. बचशे नहीं, ऐकलं. त्यानंतर आम्ही तिच्यासमोर बोलणंच बंद केलं. म्हणजे तिच्या लेखी तो माणूस रोज थोडा थोडा मरत होता आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

“पण तू मला का नाही विचारलंस?” मी म्हटलं.

ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, “मला वाटलं काकांनी मारून टाकलं त्यांना.”

“कुठल्या काकांनी?”

“व्हॅनच्या.”

मग सगळं बाहेर आलं. मी तिचं डोकं मांडीत दाबलं, त्याच्या आधीच तिने बघितलं होतं. काकांनी उतरताना सीटखालची काठी काढून नेली होती, माझं लक्ष तेव्हा पुढच्या ट्रककडे होतं. ती काठी वर गेलेली तिने ओळखली, कारण तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली आहे. परत आल्यावर काकांनी ती परत सीटखाली सरकवली, तिच्या पायांखाली. तीच काठी पायांखाली घेऊन ती लग्नाला गेली आणि लग्नाहून आली. मी तिला पाय खाली सोड म्हणत होते!

“मी सांगितलं असतं तर पोलिसांनी काकांना नेलं असतं,” ती म्हणाली. “मग काकांचा मुलगा काय करेल?”

एवढ्याशा जिवाने हे सगळं एकटीने सांभाळलं. तो माणूस मरायला नको, काका पकडले जायला नकोत, आणि आपल्या तोंडून शब्द जायला नको. म्हणून बोलणंच बंद.

माझं डोकं सणकलं. नवरा “जरा शांत हो, जरा शांत हो” म्हणेपर्यंत मी काकांना फोन लावला होता. “आत्ताच्या आत्ता घरी या,” एवढंच म्हणाले. माझा वर्गातला आवाज लागला असणार, कारण ते अर्ध्या तासात दारात हजर. चपला बाहेर काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पोर माझ्या पाठीमागे, माझ्या ओढणीचं टोक धरून. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, यादीच होती डोक्यात. पण त्यांनी पोरीकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. मी तोंड उघडायच्या आत ते दारातच उकिडवे बसले.

“बाळा, तू बघितलंस ना?”

पोरीने मान हलवली.

“मी मारलं त्यांना,” काका म्हणाले. “तो पोरगा रस्त्यात पडला होता ना, मला वाटलं मेलाच. सगळे मारत होते. माझा हात कसा उठला मलाच कळलं नाय. पण मारलं. एकदा मारलं.”

“दोनदा,” पोर म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. “दोनदा,” म्हणाले.

पोर माझ्या बाजूने जराशी पुढे आली आणि तिने विचारलं, “मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?”

आम्ही घरात, शाळेत, जिन्यात, मैदानात हेच तर घोकून घेतो मुलांकडून. धक्का लागला, सॉरी म्हण. खोडरबर हरवलंस, सॉरी म्हण. नवरा म्हणाला, “अगं, ते असं सोपं नसतं.” आणि खरंच नव्हतं. मारहाणीची केस झालेली होती, अनोळखी लोकांविरुद्ध. समोर जाऊन “मी होतो” म्हणायचं, तर त्या माणसाने कॉलर धरली असती आणि त्यात त्याची काही चूक नसती. काकांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी मला फोन करून ऐकवलंच, “तुमच्या पोरीच्या पोटदुखीसाठी माझा नवरा आत जाऊ दे का?” तिचंही खरं होतं.

पण आठवड्याच्या शेवटी काका नवऱ्याला खाली भेटले आणि म्हणाले, “माझ्याबरोबर येता का अच्छाडला? एकट्याचे पाय नाय चालत.” नवऱ्याने विचारलं, नक्की का? ते म्हणाले, “रोज आरशात बघतो तर मागची सीट रिकामी दिसते. किती दिवस बघू?”

दोघं रविवारी गेले. ढाबेवाल्याने ड्रायव्हरच्या फेरीची वेळ विचारून ठेवली होती. मी घरी, पोर घरी, सासूबाई पोथी उघडून बसलेल्या आणि पान काही उलटत नव्हतं. मी भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं. वाटलं, आता फोन येईल तो पोलीस चौकीतूनच येईल.

दुपारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. पोरीनेच उचलला. पडद्यावर एक माणूस होता, काळा, बारीक, डोक्याला टोपी. सौराष्ट्रातला निघाला. शेजारी काका बसलेले, डोळे लाल. पोर त्या माणसाकडे बघतच राहिली. तो हसला.

“काका, हजी दुखे छे?” पोरीने त्या ड्रायव्हरला विचारलं. अजून दुखतं का.

त्याने टोपी काढली. एका बाजूला केस नव्याने उगवत होते, मधून टाक्यांची रेघ. “ना रे बेटा, हवे नथी दुखतुं,” तो म्हणाला, आता नाही दुखत, आणि डोकं फोनपुढे आणून तिला नीट दाखवलं. मग तिने त्याला त्याच्या गावाबद्दल विचारलं, ट्रकमध्ये झोपायला जागा असते का ते विचारलं, चहा कोण करतं ते विचारलं. प्रश्नावर प्रश्न! मी मागे उभी राहून ऐकत होते. माझी पोर बोलत होती. फाडफाड बोलत होती, त्याच भाषेत जी तिला येत नाही अशी आमची खात्री होती. सासूबाईंनी पोथी मिटली आणि डोळे पुसले.

संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं की काकांनी समोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, मारणाऱ्यांत मी होतो. त्या ड्रायव्हरने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, मारायला किती आले होते ते माहीत नाही, पण विचारायला तू एकटाच आलास. पोलिसांचं नाव त्याने काढलं नाही. चहाचे पैसे मात्र काकांना देऊ दिले नाहीत, स्वतः दिले. नवरा हे सगळं मराठीत सांगत होता, पोरीला समोर बसवून. गुजराती आता घरात उघड उघड चालते, आणि लपवायला काही उरलेलं नाही म्हणून सासूबाईंची थोडी पंचाईतच झाली आहे.

समुपदेशक बाईंकडे आम्ही गेलो, अजूनही अधूनमधून जातो. कुकरच्या शिट्टीला पोर अजून दचकते. पण हायवेबद्दल विचारलं तर सांगते, आणि मनात आलं की आपणहून विचारतेही.

व्हिडिओ कॉलच्या त्या रविवारी संध्याकाळी तिने आणखी एक काम केलं. कपाटामागे हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. लाटणं. कपड्यांची काठी. छत्री. घरात ज्या ज्या वस्तूने कुणी कुणाला मारू शकेल, असं तिला वाटलं, ती ती तिने तिथे नेऊन ठेवली होती. सासूबाईंनी लाटणं ओढून घेतलं आणि छातीशी धरलं, जणू माहेरचं माणूस भेटलं. आम्ही हसलो, पोरही हसली. उद्या व्हॅनने जाईन म्हणाली, फक्त काकांनी ती काठी गाडीत ठेवायची नाही. काकांनी ती दुपारीच, ढाब्यावरून परत येताना, टाकून दिली होती, हे नवऱ्याने सांगितलं.

मी म्हटलं, “माझी पट्टी कुठाय?”

ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“दे ना गं, उद्या वर्गावर न्यायची आहे.”

“नको,” ती म्हणाली. “बाकीचं सगळं घे.”

“का?”

“ती तू जोरात आपटतेस.”

नवरा छत्री उघडून बघत होता, तो तसाच थांबला. मी सांगणार होते की मी कुणाला मारत नाही, आजवर कधीच मारलं नाही. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

“राहू दे मग तुझ्याकडे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला आणि ती जिना उतरून गेली. मी गॅलरीतून बघितलं, ती आपल्या जागेवर बसली, पाय खाली सोडून. पट्टी अजून कपाटामागेच आहे. नववी ‘ब’ आता माझ्या नुसत्या आवाजावर गप्प बसायला शिकते आहे. रोज बसत नाही.